मिटता चाकू

घरात येणाऱ्या काही वस्तूंचे स्वागत हळदकुंकवाने होते, काहींचे नुसत्या कौतुकाने. आणि काही वस्तूंचे नाव निघाले तरी घर क्षणभर गप्प होते. गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी असेच झाले. माझी पंधरा वर्षांची नात शाळेच्या गाइड पथकात आहे. पचमढीच्या शिबिराला जाण्यासाठी तिने सामानाची यादी आणली. सुती दोर, विजेरी, ताटवाटी, पाण्याची बाटली, शिट्टी अशी निरुपद्रवी मंडळी ओळीने बसलेली होती आणि त्यांच्या शेवटी लिहिले होते : 'घडीचा चाकू, एक.'

सूनबाईंनी यादी दोनदा वाचली. "आई, मुलीच्या पिशवीत चाकू द्यायचा? वाटेत कुणी पिशवी तपासली तर? आणि हिने बोट कापून घेतलं तर?" चिरंजीवांनी नेहमीप्रमाणे मधला मार्ग काढला, "पंचवीस मुली आहेत, कुणाचा तरी असेलच." नात काहीच बोलली नाही. ती फक्त माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीकडे पाहत राहिली. त्या बोटावर पेरालगत एक पांढरी आडवी रेघ आहे, आणि तिची कथा नातीला लहानपणापासून पाठ आहे. मी म्हटले, "चाकू मी घेऊन देईन." त्या रेघेमुळेच मला तसे म्हणण्याचा अधिकार होता असे मला वाटते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश झाला आणि राजधानी नागपूरहून भोपाळला आली. तिच्याबरोबर सचिवालयातील किती मराठी कुटुंबे आपापल्या ट्रंका आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन इकडे आली, हे या मासिकाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. त्यांतील पुष्कळांच्या घरची ती कथा आहे. आमचे अप्पा त्यांतलेच एक कारकून. मी तेव्हा सहा वर्षांची होते. नव्या गावात ट्रंकांच्या सुतळ्या अप्पांनी ज्याने कापल्या तो चाकू मला अजून दिसतो. दोन पात्यांचा, सांबरशिंगाच्या मुठीचा, पात्याच्या बुडाशी 'शेफील्ड' अशी अक्षरे कोरलेला. अप्पा त्याला पेनचाकू म्हणत. पूर्वी पिसाच्या लेखण्या तासण्यासाठी असे छोटे चाकू कचेरीत ठेवीत, म्हणून ते नाव. अप्पांच्या काळी पिसे गेली होती, पेन्सिली उरल्या होत्या. पुढे तात्या टोपे नगरच्या क्वार्टरमध्ये राहायला गेल्यावर रोज सकाळी ओट्याशी बसून ते दिवसाच्या दोन पेन्सिली तासून ठेवीत. उन्हाळ्यात त्याच चाकूने आंब्याच्या फोडी होत.

त्या चाकूचे अप्पांचे तीन दंडक होते. उघडा चाकू हातात घेऊन चालायचे नाही. दुसऱ्याला द्यायचा तो मिटूनच, आणि तोही हातात नव्हे, पुढ्यात ठेवायचा. आणि कापताना पाते आपल्या अंगाकडे न ओढता बाहेर न्यायचे. दादा मॅट्रिक झाला तेव्हा अप्पांनी तो चाकू त्याला दिला. मी मॅट्रिक झाले तेव्हा मला फाउंटनपेन मिळाले. त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. तेव्हा मलाही नाही. वाटले ते पुष्कळ पुढे.

१९६७ साली आमच्या कॉलेजची सहल सांचीला गेली. दादाच्या टेबलाच्या खणातून मी तो चाकू न विचारता उचलला. स्तुपाच्या टेकडीखाली चहाचा बेत होता. आटवलेल्या दुधाचा डबा उघडायला कोणाकडे काही नव्हते. मी मोठ्या ऐटीने चाकू काढला, टोक डब्यावर टेकवले आणि मुठीवर जोर दिला. पाते पत्र्यात न शिरता मागे फिरले आणि माझ्याच बोटावर मिटले. पात्याच्या टोकाचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडाही उडाला. घरी आल्यावर मी चाकूलाच दोष दिला. अप्पांनी आधी माझ्या बोटाची पट्टी सोडून जखम पाहिली, मग चाकू उघडून पाहिला, आणि म्हणाले, "चाकूने आपलं काम केलं. तू त्याला भलतंच काम सांगितलंस." त्यांनी मला ओरडा दिला नाही, पण त्या चाकूला हात लावण्याची माझी वेळ संपली.

अप्पांचे म्हणणे अक्षरशः खरे होते, हे कळायला मिटत्या चाकूची रचना समजून घ्यावी लागते. जुन्या साध्या चाकूत मुठीच्या पाठीकडून पोलादाची एक सपाट कमान गेलेली असते. पात्याची चौकोनी टाच त्या कमानीवर दाबून बसते. पाते उघडे राहते ते केवळ या दाबाने. तेथे खीळ कोणतीच नसते. धार खाली ठेवून फळ चिरा, दोरी कापा, पेन्सिल तासा. हाताचा जोर पात्याला उघडण्याच्याच दिशेने लोटतो आणि चाकू आज्ञाधारक राहतो. टोकाने भोसकायला गेलात की जोर उलट फिरतो, कमान हार मानते आणि पाते घराकडे, म्हणजे आपल्या बोटांकडे, धावते. तंबूच्या कापडाला भोक पाडणे, ओल्या लाकडात टोक रोवणे, डबा फोडणे ही शिबिरातली हमखास कामे नेमकी याच जातीची. म्हणून नातीच्या चाकूसाठी माझी पहिली अट ठरली : उघडल्यावर पाते खिळले पाहिजे.

चिरंजीवांनी तत्परतेने घरबसल्या मागविलेला एक चाकू याआधीच येऊन पडला होता. त्यात करवत, कात्री, चमचा, काटा, बाटली उघडणी, होकायंत्र असा सारा संसार होता. नातीने त्याने सुती दोर कापायला घेतला, तर पाते मुठीत डावीकडे-उजवीकडे डुलू लागले. सूनबाई म्हणाल्या, "एवढी अवजारं आहेत, पण चाकू कुठाय?" त्या दिवशी पहिल्यांदा माझे आणि त्यांचे एकमत झाले, आणि रविवारी आम्ही तिघी जुन्या शहरात गेलो.

जामा मशिदीभोवतीच्या चौक बाजारात लोखंडी सामानाच्या एका जुन्या दुकानी मी चाकू मागितला. वृद्ध दुकानदारांनी चष्म्यावरून आम्हां तिघींकडे पाहिले आणि आधीच सांगून टाकले, "बहनजी, बटनवाला हम नहीं रखते." चाकू म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे रामपुरी येतो, त्याला त्या बिचाऱ्यांचा इलाज नाही. रामपूरच्या कारागिरांची ती एके काळची नामांकित कला. लांब, निमुळते पाते आणि कळ दाबताच खट्कन उघडणारी स्प्रिंग. हिंदी चित्रपटांनी त्याला खलनायकाच्या हाती दिले, कायद्याने त्याच्यावर बंधने आणली आणि धंदा बसला. २०२३ साली रामपुरात एका चौकात वीस फुटी चाकू उभारून गावाने त्या कलेचे स्मारक केले. परंतु शिबिरात कांदा चिरायला आणि दोर कापायला त्या जातीच्या चाकूचा काही उपयोग नाही. त्याचे सारे बळ टोकात आहे आणि आपल्याला हवे असते ते धारेत.

सूनबाईंनी लगेच कायद्याचे विचारले. दुकानदारांना तो तोंडपाठ होता. मध्य प्रदेशात नोव्हेंबर १९७४ च्या अधिसूचनेपासून सहा इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे धारदार हत्यार सार्वजनिक जागी बिनपरवाना बाळगता येत नाही. आणि स्प्रिंगने उघडणारा चाकू तर कितीही लहान असला तरी नाही. सूनबाईंनी पर्समधून मोजपट्टी काढली. त्यांनी ती घरूनच आणली होती, हे पाहून मला हसू आले आणि बरेही वाटले. भीती जेव्हा मोजपट्टी हाती घेते, तेव्हा ती निम्मी ओसरलेली असते. आम्हांला हवे होते तीन-साडेतीन इंचांचे पाते, बोटांनी उघडायचे. मिटलेला चाकू तळहातात मावावा आणि उघडल्यावर मूठ चारही बोटांना पुरावी, एवढे माप सर्वांना चालते. विमानाने जायचे असेल तर तो हातातल्या पिशवीत चालत नाही, मोठ्या सामानात द्यावा लागतो. आमची स्वारी मात्र इटारसीवरून पिपरियापर्यंत रेल्वेने आणि पुढे घाटाने मोटारीने जाणार होती.

आता प्रश्न पोलादाचा. दुकानदारांनी दोन चाकू पुढ्यात ठेवले. एकाचे पाते साध्या कार्बनच्या पोलादाचे, दुसऱ्याचे न गंजणाऱ्या पोलादाचे. साध्या पोलादाला धार चटकन लागते आणि सुरेख लागते. पण कैरी वा लिंबू चिरून ते न पुसता ठेवा, तासाभरात पाते काळवंडते. आणि आपल्या भोपाळच्या चाळीस-पंचेचाळीस इंच पावसात पिशवीच्या तळाशी पडून राहिले तर गंजते. १९१३ साली शेफील्डच्याच हॅरी ब्रेअर्ली यांनी पोलादात क्रोमियम मिसळून न गंजणारे पोलाद बनविले आणि घरोघरच्या सुऱ्यांचे नशीब पालटले. तथापि त्यातही प्रती आहेत. फार मऊ असेल तर धार दोन दिवसांत जाते. फार कठीण असेल तर धार पुष्कळ दिवस टिकते, पण एकदा गेली की घरच्या दगडावर परत येत नाही, आणि हाडावर वा खिळ्यावर आपटले तर कडेचा कपचा उडतो. स्वित्झर्लंडच्या सैनिकांना १८९१ सालापासून चाकू पुरविणारे कार्ल एल्सेनर यांचे घराणे आजही आपल्या चाकूंना मध्यम कठीण पोलादच वापरते. आईच्या व्हिक्टोरिया या नावाला न गंजणाऱ्या पोलादाचे 'इनॉक्स' हे नाव जोडून त्यांच्या कारखान्याचे व्हिक्टोरिनॉक्स हे नाव झाले. इतक्या जगप्रसिद्ध घराण्याला अधिक कठीण पोलाद मिळत नसेल असे नाही. सैनिकाला, गुराख्याला, शाळकरी मुलाला आपल्या चाकूला आपल्या हाताने धार लावता आली पाहिजे, हे त्यामागचे शहाणपण असावे, असे मला वाटते.

येथेच मला टिकाऊपणाचा खरा अर्थ थोडासा उमगला. आपण टिकाऊ म्हणजे न झिजणारे समजतो. पण चाकू झिजण्यासाठीच असतो. प्रत्येक वेळी धार लावताना त्याचा काही अंश दगडावर राहतो. जो मालकाच्या हातून पुन्हा पुन्हा उभा राहू शकतो, तो टिकाऊ.

भोपाळहून पंचेचाळीस किलोमीटरवर भीमबेटका आहे. १९५७ साली रेल्वेच्या खिडकीतून ते खडक दिसले म्हणून विष्णु श्रीधर वाकणकर वाटेत उतरून तेथे पोहोचले; नीमचला जन्मलेला, उज्जैनला कर्मभूमी केलेला हा आपला माणूस. तेथल्या उत्खननांत गारगोटीच्या जातीच्या दगडांची बारीक पातीही मिळाली. अशी पाती लाकडाच्या वा हाडाच्या खाचेत बसवून त्या काळची माणसे हत्यार करीत, आणि एखादे पाते तुटले की तेवढेच काढून दुसरे बसवीत. मूठ तीच राही. टिकाऊपणाची ही युक्ती पोलादाहून किती तरी जुनी आहे.

दुकानदारांनी चाकू पारखायची रीत नातीला दाखविली, ती मी येथे मुद्दाम नोंदवून ठेवते. चाकू उघडून पाते चिमटीत धरावे आणि बाजूंना हलवून पाहावे. सांध्याशी हालचाल जाणवली तर तो परत करावा. मग मिटून उजेडासमोर धरावा. पाते मुठीच्या खोबणीत बरोबर मध्ये बसले पाहिजे, एका कडेला घासता कामा नये. नख घालायची खाच असली तर ती बोटाला सहज सापडावी. मूठ ओल्या हातातून निसटेल इतकी गुळगुळीत नको. आणि खीळ लावून पात्याच्या पाठीवर हलकेच दाब द्यावा, मात्र बोटे त्याच्या वाटेत न ठेवता.

खिळीचे प्रकार बरेच. काहींत पाठीवरची पट्टी टाचेच्या खाचेत बसते, काहींत आतली पातळ पट्टी पात्यामागे सरकते. आम्हांला आवडली ती सर्वांत साधी. फ्रान्सच्या साव्हा प्रांतातील जोझेफ ओपिनेल यांनी १८९० साली शेतकऱ्यांसाठी एक लाकडी मुठीचा चाकू केला; १९५५ साली त्यांच्या घराण्याने मुठीच्या गळ्याशी एक फिरते कडे बसविले. पाते उघडायचे, कडे फिरवायचे, की पाते मागे फिरायची वाट बंद. ते बिघडायला त्यात काही नाही, आणि बिघडले तर डोळ्यांना दिसते. त्या कडीचा, न गंजणाऱ्या साडेआठ सेंटिमीटर पात्याचा चाकू आम्ही घेतला. सूनबाईंनी पट्टी लावली आणि मान डोलावली.

घेण्याआधी एक पेच मात्र सोडवावा लागला होता. दादा जाऊन आता काही वर्षे झाली. त्याच्या दिवसांनंतर वहिनींनी एका रुमालात गुंडाळलेली वस्तू माझ्या पुढ्यात ठेवली होती, हातात नव्हे. "वन्सं, हा तुमच्याकडेच राहू द्या." शेफील्डची अक्षरे झिजून गेली आहेत, मोठे पाते धार लावून लावून निम्म्या रुंदीचे झाले आहे, आणि टोकाशी तो ज्वारीचा दाणा अजून नाही. नातीला नवा चाकू नको होता. तिला पणजोबांचा हवा होता. क्षणभर मलाही मोह झाला. जी वस्तू मला दिली गेली नाही ती मी नातीच्या हाती ठेवते आहे, हे चित्र फार सुंदर दिसले असते. परंतु त्याची कमान आता थकली आहे, आणि खीळ तर त्याला कधीच नव्हती. तो साठ-सत्तर वर्षे टिकला तो अभंग होता म्हणून नव्हे. अप्पांनी आणि दादाने त्याला पेन्सिली, सुतळ्या आणि आंब्यांपलीकडे काही सांगितले नाही म्हणून. एकदाच कोणी भलते सांगितले, त्याची खूण त्याच्या टोकावर आणि माझ्या बोटावर आहे. मी नातीला म्हटले, "याला आता कष्टाला पाठवायचं नाही. तुझ्या पेन्सिली मात्र यानेच तासायच्या." ती थोडी हिरमुसली, पण समजली.

उरले शिक्षण. रस्त्याच्या कडेला गाडिया लोहारांचा तळ आहे. चितोड पडल्यावर घर न बांधण्याची शपथ घेतली असे सांगणारी ही माणसे मोटारींच्या जुन्या कमान्यांतून कोयते आणि कुऱ्हाडी घडवितात. पुरुष सांडशीने तापले लोखंड धरतो आणि घण घालते ती बाई. त्यांच्याकडे आम्ही विळीला धार लावून घेतली, तेव्हा नात बराच वेळ त्या घण घालणाऱ्या बाईकडे पाहत उभी होती. काय पाहत होतीस, असे मी विचारले नाही.

घरी मी तिला दगडावर धार लावायला शिकविले. दगड पाण्याने ओला ठेवावा. पाते दगडावर उभे धरले तर काटकोन; तो अर्धा करावा, पुन्हा अर्धा करावा, आणि किंचित आणखी खाली यावे. या कोनात पातळ काप काढल्यासारखे पाते पुढे सारावे, दोन्ही बाजूंना सारखेच. कागदाची कड धरून कापली असता फाटल्याचा आवाज न येता सरळ कापली गेली, की झाले. बोथट चाकू सुरक्षित असतो हा गैरसमज आहे. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ते घसरते. काम झाल्यावर पुसून, सांध्याशी तेलाचा एक थेंब सोडून ठेवावा. अप्पांचे तीन दंडक तिला सांगितले. चौथा तिने शिबिरातून आणला : चाकू उघडण्यापूर्वी हात लांब करून स्वतःभोवती फिरायचे, त्या वर्तुळात कोणी असेल तर चाकू उघडायचा नाही.

निघायच्या पहाटे मी उठले तेव्हा सूनबाई तिची पिशवी भरीत होत्या. चाकू त्यांनी एका रुमालात गुंडाळून, दोराच्या वेटोळ्याशेजारी, चटकन हाताला लागेल असा ठेवला. मग पुन्हा काढला, कडे फिरते की नाही पाहिले, आणि परत ठेवला.

आठ दिवसांनी नात परत आली. विचारले तर म्हणाली, दोर कापला, खुंट्या तासल्या, आणि कांदे किती चिरले त्याची गणती नाही. बोटे दहाही शाबूत होती. मी न मोजता राहिले नाही. रात्री जेवणे आटोपल्यावर ती ओट्याशी बसली. दगड ओला केला, कड्यात अडकलेली पचमढीची वाळू काडीने काढली आणि धार लावू लागली. सूनबाई चहाच्या पुड्याची पिशवी घेऊन आल्या, तोंड बांधलेली सुतळी सुटेना. नातीने पाते पुसले, चाकू मिटला आणि आईच्या पुढ्यात ठेवला.